शेपटीला दहा गाठी

एल्फ्रीडाला काखेत हात घालून उचलायचं नाही.
हे घरात सगळ्यांना माहीत आहे,
कुत्र्यालासुद्धा असावं,
तो तिच्या लाकडी पेटीपासून हातभर लांब बसतो.
उचलायचं ते उशीसकट,
काठोकाठ भरलेली परात उचलावी तसं.
एक्स-रेवर जिथे फासळ्या हव्यात
तिथे धुकं.

विनिपेगपासून दीड तास दक्षिणेला,
उणे एकतीस.
मुलूख इतका सपाट
की शेजाऱ्याच्या घराआधी त्याचा धूर दिसतो.
आबराम फ्रोसे इथे धान्याची कोठारं बांधतो.
त्याच्या आजीची आजी आणि आगानेठाच्या आजीची आजी
एकाच जहाजातून उतरल्या, सख्ख्या बहिणी.
ट्रंकेत, पिसांच्या रजईखाली,
ही चूकही आली अर्धी अर्धी, विनातिकीट,
आणि पाच पिढ्या कुणाचं काही न बिघडवता
जुळायची वाट बघत राहिली.

नर्स रेमेडिओस काटाकुटान बर्फातून येते.
बूट दाराशी, कुपी टेबलावर,
मुरंब्याच्या बरणीशेजारी.
सांगते: हाड घट्ट व्हायला जे विकर लागतं
ते हिच्यात जवळजवळ नाहीच.
आपण बाहेरून देणार.
पण नुसतं दिलं तर ते रक्तात भटकत राहतं,
पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखं
यकृताच्या ओसरीवर, मूत्रपिंडाच्या दारात,
आणि हाडापर्यंत पोचायच्या आत संपतं.
म्हणून त्याला शेपटी जोडलीय.
एकच आम्ल, ओळीनं दहा वेळा.
त्याला कॅल्शियमची ओढ,
आणि कॅल्शियम कुठे, तर हाडात.

आबराम विचारतो, दहाच का?
रेमेडिओस हसते.
कमी असले तर पकड सैल पडते, असं मला सांगितलंय.
मी काही मोजायला गेले नाही.

तो मान हलवतो.
तुळईला किती खिळे, हेही त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

(मी हे लिहितो त्या भाषेत हाडवैर आहे,
हाडाचा शिक्षक आहे,
हाडीमाशी खिळलेल्या खोडी आहेत,
कामचुकाराच्या हाडाला हाड लावून झोपलेला आळस आहे.
हाडाकडे निघालेल्या ओढीला
शब्द मात्र सापडत नाही.
आबराम असता तर म्हणाला असता, हाडाचं औषध.
आणि त्याच्यासारखाच, हाडाचा सुतार जसा.)

आणि हे करतं कोण, आगानेठा विचारते.
रेमेडिओस जरा घुटमळते.
हॅमस्टरच्या पेशी. स्टीलच्या मोठ्या पिंपात.
म्हणजे उंदीर?
उंदरासारखाच. पण फार वर्षांपूर्वीचा. एकच.
त्याच्या पेशी अजून वाढतायत.

त्या रात्री आगानेठा प्रार्थनेत आधी मुलीचं नाव घेते,
मग सासऱ्याच्या गुडघ्याचं,
मग थोडं थांबून
त्या बिननावाच्या जनावराचं.

आठवड्यातून तीनदा.
एकदा डावी मांडी, एकदा उजवी.
सुई टोचली की एल्फ्रीडा अशी रडते
की आगानेठा भिंतीकडे तोंड करून मोजते,
एक, दोन, दहापर्यंत,
आणि दहा झाल्यावर तिला वाटतं,
आता शेपटी पूर्ण झाली, आता ते निघालं.
टोचल्या जागी लाल चट्टे उठतात.
जानेवारी जातो. फेब्रुवारीत काहीच होत नाही.
मार्चचा एक्स-रे डॉक्टर दोनदा उजेडासमोर धरतात
आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणतात,
पण आगानेठाला कुणी काही सांगायच्या आतच
वाहन सुटायची वेळ होते.

एप्रिल. अंगणात चिखल.
आबराम ओट्यावर फळी रंधत असतो.
आतून, टक.
तो रंधा थांबवतो.
लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज त्याला कळतो,
लोखंडाचा कळतो, दगडाचा कळतो.
हा त्यातला नाही.

टक.

पेटीत एल्फ्रीडाने उशीबाहेर पाय काढलाय
आणि टाच कडेवर आपटतेय,
रागानं की गंमत म्हणून, सांगता येत नाही.
आबराम कडेचं लोकरीचं अस्तर
उसवायला हात घालतो.
मग हात मागे घेतो.
नको. अजून नको.
बुधवारी रेमेडिओस येईल, तिला विचारू.

आणि तिथेच जमिनीवर बसून राहतो,
कुत्र्याच्या शेजारी,
पुढच्या आवाजासाठी.